दुसऱ्या ओळीनंतरची जागा

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वाचून हसलोय. पिंपळावरची बाई, उलट्या पावलांचा माणूस... असलं काही वाचलं की बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि दोघांनी चहा घेत टिंगल करायची, हा आमचा उद्योग. त्यात आम्ही ख्रिस्ती. मेलेला माणूस प्रभूजवळ विसावतो, तो इकडेतिकडे फिरत नाही, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. तेव्हा मी भुताची गोष्ट सांगायला बसलोय असं समजू नका. ते भूत होतं असं मी आजही म्हणत नाही. काय होतं, तेच मला कळलेलं नाही.

मी मूळचा जळगावचा, पिंप्राळ्यात घर. पाटबंधारे खात्यात कारकून होतो. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास माझी बदली दोंडाईच्याला झाली. लग्नाला चारेक वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बायको मंगला आणि मी असं दोघांनी दोन ट्रंका आणि माझी पेटी घेऊन पॅसेंजरनं दोंडाईचा गाठलं. पेटी म्हणजे हार्मोनियम. जळगावच्या चर्चमध्ये तरुणांच्या भजनी मंडळात मी ती वाजवायचो आणि लयीच्या बाबतीत जरा खडूस म्हणून प्रसिद्ध होतो. कुणी अर्धी मात्रा खाल्ली तरी माझं डोकं फिरायचं.

दोंडाईच्याचं चर्च लहान होतं. दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, मंडळी चाळीस-पन्नास. कुणी रेल्वेत, कुणी शाळेत, कुणी मिरचीच्या गोदामात तर कुणी आसपासच्या खेड्यांतून शेतीवर जगणारं. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला गाठलं. त्यांचा गायनपुढारी दोनच महिन्यांपूर्वी वारला होता. शांतवननाना. तीस वर्षं त्यांनी त्या मंडळीला गायला लावलं होतं आणि आता ज्याला जसा सूर लागेल तसा तो ओढत होता. "तुम्ही पेटीवर बसा, प्रभूनंच तुम्हाला पाठवलंय," पाळक म्हणाले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! जळगावात मी चारांतला एक होतो. इथं मी एकटाच.

नानांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा फोटोही पाहिला नव्हता. हे लक्षात ठेवा.

त्या मंडळीचा एक रिवाज होता. उपासनेचं शेवटचं गीत, पाळकांच्या आशीर्वादाआधीचं, कायम एकच. नदीपलीकडच्या विसाव्याचं गीत. तिथं ओझं उतरतं, तिथं दुखणं नसतं, तिथं सगळे भेटतात, अशा अर्थाचं. चार-चार ओळींची कडवी, चाल साधी. मला ते पाठ होतं. पहिल्या रविवारी पेटीवर बसून मी पहिली ओळ घेतली, मंडळी छान गायली. दुसरी घेतली. तिसरी घेतली आणि मी एकटाच गात होतो! सगळं चर्च गप्प. ढोलकीसुद्धा गप्प. माझा एकट्याचा आवाज कौलांपर्यंत जाऊन आला. मग क्षणभरानं सगळ्यांनी तिसरी ओळ उचलली, तेव्हा मी अर्धी ओळ पुढे पोचलो होतो. पुढच्या कडव्यालाही तेच. मागच्या बाकावरच्या दोन पोरी तोंडावर पदर धरून हसत होत्या. मंगलाही हसत होती, ते मला जास्त लागलं.

उपासनेनंतर मी ढोलकीवाल्या दानिएलभाऊंना धरलं. मिरचीच्या गोदामात तोलाई करणारा हा माणूस, पन्नाशीचा, अतिशय गरीब स्वभावाचा.

"तठे नाना दम लेत व्हतात, भाऊ," ते ओशाळून म्हणाले. "दमा व्हता ना त्यासले. दुसरी ओळ व्हयनी का थांबेत. बठ्ठासले सवय व्हई जायेल शे."

म्हणजे असं की नानांना दमा होता. दोन ओळींवर त्यांचा श्वास पुरायचा नाही. ते थांबायचे, श्वास ओढायचे, मग तिसरी ओळ. आणि त्यांच्याबरोबर सगळी मंडळी थांबायची. इतकी वर्षं. पोरं जन्मली, मोठी झाली, लग्नं होऊन गेली, आणि त्यांना ते गीत तसंच असतं असंच वाटत होतं. पुस्तकात तिथं काहीच नव्हतं. एका माणसाचं दुखणं चालीत जाऊन बसलं होतं.

मला हे सहन होईना. नव्यानं काम हाती घेतलेल्या माणसाला एक खाज असते, तशी मलाही होती. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना बोलावून सराव सुरू केला. सरावात मंडळी न थांबता गायची, एकदम बरोबर. मी खूश. रविवारी उपासनेत तेच गीत आलं की दुसऱ्या ओळीनंतर पुन्हा सगळे गप्प. मी चिडायचो. त्यांनाच वाईट वाटायचं. दानिएलभाऊ तर हात जोडून म्हणाले, "मना हातच पडत नही तठे. मी काय करू?"

शेवटी दिवाळीच्या सुमारास मी हार मानली. म्हटलं, जाऊ दे, थांबतात तर आपणही थांबू. त्या रविवारी दुसरी ओळ झाली, मी बोटं पट्ट्यांवरून उचलली, भाता सोडला आणि सगळ्यांबरोबर थांबलो.

आणि माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी श्वास घेतला.

साधा श्वास नव्हता. आधी बारीक शिट्टी, मग ओढ, मध्येच अडकून पुन्हा ओढ आणि शेवटी घशात कट्‌ असा आवाज. विहिरीतून रिकामी होत आलेली मोट ओढावी तसं काहीतरी. मी खाली मांडी घालून बसलो होतो आणि तो आवाज माझ्या कानाच्या बराच वरून आला, उभ्या माणसाचा यावा तसा. तिथं कुणीही नव्हतं. डाव्या हाताला भिंत आणि एक खिडकी, बस्स. मंडळीनं तिसरी ओळ उचलली. माझी बोटं पट्ट्यांवर नव्हतीच.

दुसऱ्या कडव्याला पुन्हा. तिसऱ्याला पुन्हा.

आता तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी करून पाहिलंय. पेटीचा भाता फुटला असेल? जळगावला जाऊन पेटी उघडून घेतली, कारागीर म्हणाला भाता नवा आहे. तरी पुढच्या रविवारी पेटी घरी ठेवून नुसत्या तोंडानं गीत घेतलं. श्वास आलाच. मिरचीचा हंगाम म्हणून कुणाला ठसका लागत असेल? दोंडाईच्यात त्या दिवसांत गोदामांतून लाल मिरचीचा खकाणा उडतो, गावभर माणसं शिंकतात-खोकतात, हे खरं. पण ठसका आणि हे यात फरक कळतो हो. खिडकीतून वारा? खिडकी बंद करून पाहिली. मंगलाला माझ्या डाव्या बाजूला बसवलं. तिला काही ऐकू आलं नाही. दानिएलभाऊंनाही नाही. ती फक्त मलाच ऐकू येत होती, ती शिट्टी.

मग मी स्वतःचे कान तपासून घेतले. धुळ्याला डॉक्टर होते, त्यांनी सगळं ठीक सांगितलं.

नानांची बायको सगुणाअक्का. चर्चच्या मागच्या एका खोलीत राहायची. साठीच्या पुढची, काटक, कान अलीकडच्या वर्षांत जवळजवळ गेलेले. तोंडाकडे पाहून बोलणं ओळखायची. दर रविवारी पहिल्या बाकावर बसायची. तिला गाणं ऐकू येत नसे, पण माणसांची तोंडं कधी उघडतात नि कधी मिटतात हे पाहत ती ओठ हलवायची. नाताळनंतर एका दुपारी तिनं मंगलाला नि मला चहाला बोलावलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मंगला चुलीजवळ बसली होती. अक्का माझ्याकडे टक लावून पाहत एकदम म्हणाली,

"भाऊ, तठे तो येस ना?"

मी चहाची बशी तोंडाला लावली.

"तू थांबस तवय तुनं तोंड दखास माले. तू कान देस. येस ना तो?"

मला नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण त्या म्हातारीच्या डोळ्यांत जे होतं त्यापुढं माझी जीभ वळली नाही. मी मान हलवली. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि लहान पोरीसारखी हसली. मग मला म्हणाली, कसा आवाज येतो, असा का? आणि तिनं स्वतः श्वास ओढून दाखवला. आधी शिट्टी, मग ओढ, मध्ये अडकून पुन्हा ओढ आणि शेवटी घशात कट्‌.

मी बशी खाली ठेवली. तोच. हुबेहूब तोच. मी या माणसाला जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं, आणि कुणी मला तो आवाज करूनही दाखवला नव्हता.

पण अक्काचं हसू हळूहळू उतरलं. तिच्या मनात काहीतरी जुळत गेलं असावं.

"म्हंजे... आजून दमा शे त्याले?"

मंगलानं चुलीजवळून माझ्याकडे पाहिलं. मी लगेच म्हणालो, "नाही अक्का. आता श्वास मोकळा आहे. अगदी मोकळा." तोंड मोठं उघडून, नीट दिसेल असं म्हणालो.

अक्कानं माझे ओठ वाचले. मग अगदी साधेपणानं विचारलं,

"दमा नही, ते मंग थांबस कसाले?"

मी मंगलाला उठायची खूण केली.

त्या दिवसापासून माझं त्या कामातलं मन उडालं. बाहेरून सगळं छान चाललं होतं. मंडळी मला मानायला लागली होती, नवीन पोरं शिकायला येत होती, पाळक खूश होते. आणि मी दर रविवारी पेटीवर बसून, नदीपलीकडे दुखणं नसतं, असं चाळीस-पन्नास माणसांकडून गाऊन घेत होतो, आणि त्याच गीतात माझ्या डाव्या कानावर एक मेलेला माणूस श्वासासाठी तडफडत होता. बिचाऱ्यानं तीस वर्षं तेच गीत गायलं होतं! मी पाळकांना सांगून पाहिलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, नवी जबाबदारी आहे, ताण येतो, मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो. त्यांनी मनापासून प्रार्थना केली. पुढच्या रविवारी श्वास आधीपेक्षा जास्त अडकला, कारण थंडी वाढली होती. थंडीत दमा वाढतो ना, तसा.

अक्का मात्र सावरली. तिनं आपल्यापुरता उपाय शोधला होता. एकदा तिनं मला दारातच थांबवलं, पाठमोरं उभं केलं आणि माझ्या खांद्यांच्या फऱ्यांखाली दोन्ही तळवे टेकवले. कापूर घातलेल्या तिळाच्या तेलाचा वास आला. तिनं खालून वर असं दाबत नेलं आणि एका जागी अंगठे रोवले.

"आठे. आठे दाबं का सुटे त्याना दम. हां, असा मोठा आवाज करे." तिनं तोंडानं लांब 'हांऽऽ' केलं. "डाक्टरले जमनं नही कधी. माले जमे. तठे कोनले माहीत शे कोठे दाबनं ते? मी गऊ ना, म्हंजे चोळी देसू. तू काळजी नको करू, भाऊ."

मला सांत्वन देत होती ती! मी म्हटलं, अक्का, तुम्हाला कुठं जायची घाई. ती म्हणाली, घाई तिला नाही, त्याला आहे.

खरं सांगतो, मीही त्यावर विश्वास ठेवायला लागलो. दुसरं होतं काय माझ्याजवळ? म्हातारी गेली की तिकडे पोचेल, अंगठे रोवेल, 'हांऽऽ' होईल आणि दुसऱ्या ओळीनंतर मला काहीही ऐकू येणार नाही. मी त्याची वाट पाहत होतो, हे लिहायला बरं वाटत नाही, पण पाहत होतो. ती मरावी म्हणून नव्हे. त्याला सुटका मिळावी म्हणून.

उन्हाळ्यात अक्का आजारी पडली. आधी ताप, मग अन्न जाईना. मंगला रोज तिच्याकडे जायची. शेवटच्या दिवशी दुपारी मीही तिथं होतो. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, दारावर ओलं गोणपाट टांगलेलं. अक्काला भीती नव्हती. गावाला जायला निघालेल्या माणसाची असते तशी लगबग होती तिला. तिनं माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं,

"भेटसूत ना आम्ही तठे?"

मी म्हणालो, "हो अक्का. भेटाल."

"नक्की?"

"नक्की."

ती संध्याकाळच्या आत गेली. बायकांनी तिला आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं. शवपेटीत ठेवायच्या आधी मंगलानं कोनाड्यातली तेलाची बाटली घेतली आणि अक्काच्या दोन्ही तळव्यांना तेल चोळलं. आमच्यात असलं काही करत नाहीत. कुणीतरी विचारलंसुद्धा, हे काय? मंगला म्हणाली, हात कोरडे पडलेत तिचे. मी दारात उभा होतो. मंगला कधीही न हसता माझं काही ऐकून घेणारी बाई नव्हे. त्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, गुपचूप दुसरा हात घेतला.

अक्काला नानांच्या शेजारी पुरलं. माती लोटली तेव्हा मला हलकं वाटत होतं, खरंच. पाळक पुनरुत्थानाबद्दल बोलत होते आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांचा शब्दन्‌शब्द ऐकत होतो.

मग रविवार आला. पहिला बाक रिकामा होता. मी आत आल्यापासून शेवटच्या गीताची वाट पाहत होतो. ते आलं. पहिली ओळ. दुसरी ओळ. मी बोटं उचलली.

शिट्टी आली.

मी म्हटलं, असू दे, आता... आता दाबेल. ओढ आली. अडकली. पुन्हा ओढ. घशात कट्‌. मंडळीनं तिसरी ओळ घेतली. मी म्हटलं, ती आत्ताच पोचली असेल, नवीन जागा, ऐकू येत नाही बिचारीला, शोधत असेल. दुसऱ्या कडव्याला तेच. तिसऱ्याला तेच. शेवटचं कडवं आलं. दुसरी ओळ झाली आणि मी हात वर केला, थांबा म्हणून. मंडळी थांबली. दानिएलभाऊंनी ढोलकीवर हात धरून ठेवला. मी हात खाली आणला नाही. श्वास ओढला गेला, अडकला. मी थांबलो. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. पाळकांनी मान वर केली. मी कान देऊन होतो, एक 'हांऽऽ' ऐकायला. कापराचा वास तरी यावा. दुसरं कुणीतरी तिथं असल्याची काहीतरी खूण.

त्यानं पुन्हा श्वास ओढायचा प्रयत्न केला. शिट्टी, ओढ, कट्‌. मग पुन्हा. तो एकटाच होता. मी जितका वेळ हात वर धरीन तितका वेळ तो प्रयत्न करत राहणार होता, एवढंच मला कळलं. मग मी हात खाली आणला.

त्यानंतर वर्षभर मी ते काम केलं. श्वास दर रविवारी आला, कधी थोडा बरा, कधी वाईट, ऋतूप्रमाणे. मी ती जागा कधी मोडली नाही. मोडली असती तर त्यानं दम कुठं घेतला असता? पुढे माझी बदली जळगावला झाली. माझ्यानंतर कुणीतरी शिकलेला तरुण आला आणि त्यानं कीबोर्ड आणला असं कळलं. तो तिथं थांबतो की नाही, मी कधी विचारलं नाही. एकदा लग्नाच्या निमित्तानं दोंडाईच्याला जायची वेळ आली होती, मी तब्येतीचं कारण सांगून टाळलं.

माझ्याजवळ याचा काहीही खुलासा नाही. मला वेड लागलेलं नाही, कान आजही ठणठणीत आहेत आणि त्या चर्चबाहेर मला असलं काही आयुष्यात पुन्हा ऐकू आलेलं नाही. चर्चला मी अजून जातो. पेटीला हात लावत नाही. ते गीत सुरू झालं की बाहेर येऊन चपला शोधतो.

आता आमचंही वय झालंय. मंगलाचे गुडघे गेलेत, रात्री मी तिला मलम चोळून देतो, कुठं दाबायचं ते मला माहीत आहे. परवा तशीच पडल्या पडल्या म्हणाली, आधी कुणीही जावो, तिकडे भेटूच की आपण. मी हो म्हणालो. तोंड मोठं उघडून, नीट दिसेल असं म्हणालो.

तिला ऐकू येतं, तरीसुद्धा.